पहिली जागा

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी हडपसर मागे टाकते तशी मोकळं रान दिसू लागतं. मांजरी, लोणी, उरुळी करत यवत येईपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना उसाचे फड सुरू झालेले असतात आणि गुऱ्हाळांचा गोडसर, करपट वास खिडकीतून आत येतो. यवत, मग खुटबाव, मग केडगाव. पुण्यापासून साठेक किलोमीटर. आज इथे उसाला पाणी आहे, कांद्याचा बाजार भरतो, चौफुल्याला सोलापूरचा हमरस्ता गाठता येतो. दौंड तालुक्याच्या या पट्ट्याने दुष्काळही पुष्कळ पाहिले आहेत. मार्चच्या उन्हात, फड संपून माळ सुरू होतो तिथे, त्याची कल्पना येते.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, बेटात जायचं का मिशनमध्ये?"

बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्तस्थान, आणि मिशन म्हणजे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. गावात उतरणाऱ्या परक्या माणसाला हे दोनच पर्याय, आणि दोन्हीकडे लोक देवाच्या ओढीनेच जातात. मी मिशन म्हटलं. अंतर फार नाही असं कळल्यावर चालतच निघाले.

निघण्याला एक कारण घडलं होतं. लेंटचे दिवस होते आणि आमच्या मंडळीच्या महिला सभेत लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय वाचायला घेतला होता. बेथानीतलं दोघी बहिणींचं घर. येशू पाहुणा म्हणून आलेला. मार्था स्वयंपाकात गढलेली, मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकणारी. मार्था वैतागते, बहिणीची तक्रार करते. आणि प्रभू तिला मायेनेच सांगतो की मरीयेने निवडलेलं तिच्याकडून कुणी काढून घेणार नाही. वाचन संपल्यावर एक बाई उभ्या राहिल्या. मंडळीत कुणाचं लग्न असो, मयत असो, वर्धापनदिन असो, चुलीपाशी पहिल्यांदा त्याच दिसतात. त्या म्हणाल्या, "सगळ्याच मरीया झाल्या तर भाकऱ्या कोण थापायच्या? आलेला माणूस उपाशी पाठवायचा का?"

प्रश्न प्रामाणिक होता, आणि आयुष्यभर राबलेल्या बाईचा होता. त्याला दोन वाक्यांत उत्तर देऊन सभा उरकणं बरं दिसलं नसतं. आम्ही तो पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवला. घरी येताना मला केडगाव आठवलं. महाराष्ट्रात मार्थेचं काम इतक्या मोठ्या पसाऱ्याने करणारी दुसरी बाई चटकन सांगता येणार नाही. एकेकाळी या आवारात सुमारे दोन हजार मुलीबायका राहत होत्या. त्यांचं दळण, कांडण, पाणी, औषधपाणी, शिक्षण, सगळं एका बाईच्या अंगावर होतं. ती बाई मरीयेच्या जागी बसायला वेळ कुठून काढत होती, हे जाऊन पाहावं असं वाटलं.

मिशनच्या आवारात शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा आवाज मागे राहतो. झाडांची दाट सावली, लांबट इमारती, शाळा, आणि मोठं चर्च. सदनांची नावं वाचत मी हळूहळू पुढे गेले. रमाबाईंनी प्रत्येक गरजेसाठी एक घर उभं केलं होतं: समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध मुलींसाठी बार्तिमय सदन, म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. अंध मुलींना ब्रेल वाचायला शिकवण्यात रमाबाईंची लेक मनोरमा पुढे होती. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांनीच चालवलेलं. आलेल्या मुलीच्या हाताला काम मिळालंच पाहिजे, हा इथला नियम होता.

त्या नियमाच्या मागे रमाबाईंचं बालपण उभं आहे. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आईने ते रमेला दिलं. कुटुंब तीर्थांच्या गावोगावी पुराणं सांगत हिंडायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात हे विद्वान घर अन्नाला महाग झालं. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे की घराण्याच्या आणि विद्येच्या अभिमानामुळे त्यांना मजुरी करणं आणि हात पसरणं दोन्ही जड गेलं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, उत्तरेपासून पूर्वेपर्यंत देश पायी तुडवत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

यापुढची वर्षं भराभर सरली. भाऊ गेला. बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. दीड-दोन वर्षांत तेही गेले. कडेवर मनोरमा घेऊन त्या 1882 मध्ये पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांना डॉक्टरकीचं शिक्षण द्या म्हणून साक्ष दिली. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं होतं. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने हाकललेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळलं जात होतं. या बायांची इतकी काळजी तुम्ही का घेता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय दाखवण्यात आला: विहिरीवर भर दुपारी पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा ख्रिस्त. देव गरजवंत होऊन एका टाकलेल्या बाईपुढे बसतो, हे त्यांच्या मनात कायमचं रुतलं.

केडगावातल्या विहिरींपाशी उभं राहिलं की हा अध्याय आठवतोच. माळावर दोन हजार माणसांची वस्ती करायची तर आधी पाणी हवं. त्या खोदकामात किती माणसांचा घाम जिरला असेल याचा विचार मी काठाशी उभी राहून करत होते.

रविवार होता. चर्चची घंटा झाली आणि सदनांतून मुली रांगेने येऊ लागल्या. अंध बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून आल्या आणि आपापल्या जागी न चुकता बसल्या. पेटी आणि तबल्यावर गाणं सुरू झालं तेव्हा त्यांचा सूर सगळ्यांच्या वर होता. शास्त्रपाठ झाला, संदेश झाला, लांबलचक मध्यस्थीची प्रार्थना झाली. कुणाची परीक्षा, कुणाचं ऑपरेशन, पाऊस, देशाचे अधिकारी, सगळे तिच्यात आले. कुणालाच घाई नव्हती.

बसल्या जागी मला 1891 च्या सुमाराची एक गोष्ट आठवत राहिली. रमाबाईंच्या साऱ्या आयुष्यात ती मला सर्वांत मोठी वाटते. तोवर त्यांच्या नावावर काय नव्हतं? अमेरिकेचा दौरा झाला होता, इंग्रजी पुस्तक गाजलं होतं, अमेरिकेतल्या समाजजीवनावरचं त्यांचं मराठी प्रवासवर्णन 1889 मध्ये निघालं होतं, बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली होती. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. काँग्रेसच्या मुंबईच्या अधिवेशनात त्या प्रतिनिधी म्हणून बसल्या होत्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. आणि अशा भरात असताना त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्याच्यासाठी तो घ्यायचा तो ख्रिस्त अजून आपला झालेला नाही. 1907 मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्यांनी हे उघड सांगितलं आहे. जगाने पंडिता म्हटलेली, देशोदेशी व्याख्यानं दिलेली बाई देवापुढे रिकाम्या हातांनी उभी राहिली. आपली विद्या आणि आपलं पुण्यकर्म तिने मध्ये येऊ दिलं नाही.

देवापुढे असं वाकणारी ही बाई माणसांपुढे मात्र सहजी वाकत नव्हती. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी इंग्रज मुलग्यांना शिकवू नये असा सल्ला हिंदुस्थानातल्या बिशपांनी दिला तेव्हा त्या संतापल्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा धर्ममतांवर झालेला पत्रव्यवहार आज छापील मिळतो. मला न पटणारं केवळ चर्चच्या अधिकाराने सांगितलं म्हणून मी मानणार नाही, हा त्या पत्रांचा रोख आहे. पुण्यातही हेच. शारदा सदनातल्या विधवा मुली त्यांच्या प्रार्थनेला स्वखुशीने येऊन बसतात यावरून 1893 मध्ये वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, सुधारकांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंनी कुणावर सक्ती केली नाही, पण माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना दार लावून करणार नाही, हेही सोडलं नाही.

आपल्या मंडळ्यांत नम्रतेची ओळख बहुधा मऊ बोलण्यावरून होते. मान खाली घालणारी सून, पाळकांपुढे न बोलणारा पंच, स्वतःला सारखं नालायक म्हणवून घेणारा वक्ता. केडगाव पाहिल्यावर ही ओळख अपुरी वाटते. देवाचं मोठेपण ज्याने खरोखर पाहिलं त्याला माणसांची भीती उरत नाही, आणि स्वतःच्या नावाची हावही उरत नाही. रमाबाईंच्या ठायी ही दोन्ही एकत्र दिसतात, कारण दोन्हींचा उगम एकच आहे.

उपासना संपल्यावर आवारातल्या झाडाखाली एक आजी ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी "सलाम आजी" म्हणून शेजारी टेकले. लहानपणापासून त्या इथेच वाढल्या. रमाबाईंना त्यांनी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं, पण ज्या बायांनी त्यांना वाढवलं त्या रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या होत्या. मी आल्या आल्या विचारू लागले: रमाबाई कशा होत्या, तुमच्या बायांनी काय सांगितलं, काही आठवतं का? त्यांनी एकदोन गोष्टी सांगितल्या आणि मग हात थांबवला.

"पोरी, लांबलांबनं माणसं येत्यात. समदी रमाबाईंचंच इचारत्यात. येशूचं कुणी इचारत न्हाई."

मग पुन्हा तांदळात बोटं घालून म्हणाल्या, "बाईंनी हे समदं कुणासाठी केलं? त्याच्यासाठीच ना? मग त्याचं इचार की."

मी विचारलं. त्यांनी मोठं काही सांगितलं नाही. पहाटे जाग येते तेव्हा अजून अंधार असतो, गुडघे दुखतात म्हणून पडल्या पडल्याच त्याच्याशी बोलते, कुणाकुणाची नावं घेते, मग उठून चहा. "आधी त्याला इचारायचं, आज काय करू. मग करायचं. आपुन आधीच ठरवून मग त्याला कामाला लावायचं न्हाई."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मार्थेची गोष्ट मला नव्याने दिसली. प्रभूने तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवलेली नाहीत. पण वैतागाच्या भरात मार्था काय करते ते पाहा: ती घरी आलेल्या प्रभूलाच सांगते की माझ्या बहिणीला उठवा आणि मला मदत करायला लावा. काम पहिल्या जागी जाऊन बसलं की माणूस देवालाही हुकूम सोडू लागतो. आपली सेवा, आपली योजना, आपला कार्यक्रम ठरलेला असतो. देवाने फक्त तो पार पाडून द्यायचा असतो. चांगल्या कामांच्या बाबतीत हे ओळखणं सर्वांत अवघड, कारण काम चांगलंच असतं.

याच मार्थेला योहानाने पुढे आणखी दोनदा दाखवलं आहे. लाजराच्या मरणाच्या वेळी तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस, असं तोंडाने कबूल करणारी ती हीच. आणि बाराव्या अध्यायात, वल्हांडणाला सहा दिवस असताना, बेथानीत पुन्हा पंगत बसते तेव्हा मार्था पुन्हा वाढताना दिसते. बहीण याही वेळी प्रभूच्या पायांशीच आहे, सुगंधी तेल घेऊन. पण मार्थेच्या तोंडी तक्रारीचं अक्षर नाही. तेच घर, तोच पाहुणा, तेच वाढणं. मध्यंतरी पहिल्या जागी कोण बसतं, एवढंच बदललं. महिला सभेतल्या बाईंना द्यायचं उत्तर मला त्या झाडाखाली मिळालं: भाकऱ्या तुम्हीच थापा, तुमच्यासारख्या कुणाला येत नाहीत, फक्त पिठात हात घालण्याआधी त्याच्यापाशी बसा.

रमाबाईंच्या दिवसाचा क्रम असाच होता. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. पूर्वी स्वतः भूक भोगलेली ही बाई तिथे गेली, आणि छावण्यांत व रस्त्यांवर सापडलेल्या सांगाडे झालेल्या मुली पुण्याला आणू लागली. प्लेगच्या धास्तीने इतक्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग केडगावची जमीन कामी आली. फळबाग करून सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून ती घेतलेली होती. तिथे आता झोपड्या आणि राहुट्या उभ्या राहिल्या. पुढे 1900 मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. बोस्टनच्या संस्थेने दहा वर्षांसाठी दिलेलं वचन तोवर संपलं होतं, आणि येणारी तोंडं वाढत होती. पैशाची हमी कमी होत गेली त्याच काळात त्यांनी जबाबदारी वाढवली, आणि ती देवावर टाकून वाढवली. 1905 मध्ये त्यांनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला जमण्याचं आवाहन केलं. आधी सत्तर आल्या, मग शेकडो. त्या वर्षीच्या इथल्या जागृतीची बातमी ख्रिस्ती जगात दूरवर गेली. कामाने गळ्याशी आलेल्या संस्थेने कामातून वेळ काढून प्रार्थना केली असं म्हणणं बरोबर होणार नाही. प्रार्थनेतून जे उरलं ते काम होतं.

दुपारी मी रमाबाईंच्या थडग्यापाशी गेले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. त्याआधी वर्षही झालं नव्हतं तेव्हा मनोरमा गेली होती. आईच्या मागे काम चालवायला तयार झालेली, गुलबर्ग्याला शाळा उभी करणारी एकुलती लेक. मुलगी गेल्यावर आजारी आईने हाती धरलेलं एक काम सोडलं नाही: बायबलचं मराठी भाषांतर. सुमारे सतरा-अठरा वर्षं त्या त्यावर बसत होत्या. संस्कृतच्या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं, का, तर खेड्यातल्या, नुकतीच अक्षरं ओळखू लागलेल्या बाईला देवाचं वचन कुणाच्या मदतीवाचून कळावं. भागवत मुखोद्गत असलेल्या बाईला भारदस्त, समासबहुल मराठी लिहिणं किती सोपं गेलं असतं! त्यांनी आपली सगळी विद्या साधेपणासाठी खर्चली. मिशनच्याच छापखान्यात, दुष्काळातून आलेल्या बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली. शेवटचा मजकूर हातावेगळा करून त्यांनी देह ठेवला, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. आपलं सर्वांत मोठं पुस्तक त्यांनी छापून झालेलं पाहिलं नाही.

1919 मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं, स्वतंत्र भारताने 1989 मध्ये टपाल तिकीट काढलं. पण एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांची नावं घेताना पुष्कळ वर्षं महाराष्ट्राला त्यांचा विसर पडला होता. मुंबई-पुण्याची व्यासपीठं सोडून माळावर येऊन बसणाऱ्या माणसाचं हे व्हायचंच. त्यांनी ते समजून-उमजून पत्करलं असं मला वाटतं.

संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट पाहताना मी आमच्या मंडळीचा विचार करत होते. ईस्टर जवळ आला होता. रंगरंगोटी, मांडव, जेवण, पाहुण्यांचे सत्कार, वर्गणी, कोनशिलेवरची नावं यांवर बैठकांमागून बैठका होत होत्या. यांतलं एकही काम वाईट नाही. रंग हवा, जेवणही हवं. पण बैठकीच्या सुरुवातीची प्रार्थना अर्ध्या मिनिटाची आणि वर्गणीची चर्चा दोन तासांची होते तेव्हा पहिली जागा कुणाला दिली ते न बोलता ठरून जातं. मंडळीतली विधवा, कामावरून काढून टाकलेला तरुण, दारूपायी मोडलेलं घर यांचा विषय मग शेवटी, वेळ उरला तर निघतो. केडगावात क्रम उलटा होता. आधी देव, मग त्याने दाराशी आणून सोडलेलं माणूस, मग त्या माणसासाठी लागणारं काम, आणि आपलं नाव सर्वांत शेवटी.

हा क्रम पाळणाऱ्या बाईच्या हातून विहिरी झाल्या, शेती झाली, छापखाना झाला, दोन हजार मुलींचं रोजचं जेवण झालं आणि एक अख्खं बायबल झालं. देवाला पहिली जागा दिली तर कामाला वेळ उरणार नाही अशी ज्यांना काळजी वाटते, त्यांनी एकदा दौंडच्या गाडीत बसून केडगावला जाऊन यावं.